परबांची तक्रार नोंदवही

चंद्रप्रकाश परबानं वयाच्या बावन्नाव्या वर्षी कविता शिकायचं ठरवलं, ते काही त्याला आतून कळ आली म्हणून नव्हे. ते ठरलं लिफ्टमध्ये, आणि ठरवलं त्याच्या बायकोनं.

त्याचं असं झालं. मुलुंड पूर्वेच्या त्यांच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या श्यामसुंदरच्या लग्नाचा वाढदिवस होता. केक कापून झाल्यावर श्यामसुंदरनं माईक हातात घेतला आणि आपल्या बायकोवर, नीलमवर, चार ओळींची एक कविता म्हटली. (ती त्याच सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर आली होती. त्यातलं 'सुप्रभात' काढून त्यानं 'नीलम' घातलं होतं, एवढंच.) तरीही नीलम लाजली, बायकांनी टाळ्या वाजवल्या, आणि चंद्रप्रकाशच्या बायकोनं, म्हणजे मालननं, नवऱ्याकडे असं काही पाहिलं की त्यानं केकचा तुकडा बशीत परत ठेवला.

चौथ्यावरून सातव्या मजल्यावर जाताना लिफ्टमध्ये ते दोघंच होते.

"अहो, पंचवीस वर्षं होतील आता," मालन म्हणाली. "माझ्याबद्दल एक ओळ तरी बरी बोललात कधी?"

अशा प्रश्नाला हसून वेळ मारून न्यायची असते. पण चंद्रप्रकाशचा स्वभाव नोंदी तपासून उत्तर देण्याचा. त्यानं पाचव्या मजल्यापर्यंत विचार केला.

"बोललो होतो की. सोलकढी झकास झालीय म्हणालो होतो."

"कधी?"

"दोन हजार अकरा. गणपतीत."

"ती नीलमनं पाठवलेली."

सहावा मजला गेला. सातव्यावर दार उघडलं तेव्हा मालन बाहेर पडली, वळली, आणि दारात उभी राहूनच बोलली.

"आठ फेब्रुवारीला आपला पंचविसावा आहे. मला सोनं नको, साडी नको. चार ओळी हव्यात. तुमच्या स्वतःच्या. आणि सगळ्यांसमोर."

आता चंद्रप्रकाश काही मुका नव्हता. पण बोलणं ही वस्तू परबांच्या घरात पहिल्यापासून बेतानंच वापरली जायची. त्याचे वडील गिरणीत मागावर होते. तिथल्या खडखडाटात बोललेलं ऐकू यायचं नाही, म्हणून सगळे खुणेनंच बोलायचे. घरी आल्यावरही वडिलांची ती सवय सुटली नाही. चंद्रप्रकाशच्या लग्नात त्यांनी सुनेला आशीर्वादसुद्धा मान हलवूनच दिला होता.

त्यात चंद्रप्रकाशची नोकरी. अंधेरीला, मरोळच्या बाजूला, लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत तो चोवीस वर्षं तक्रारी नोंदवून घेत होता. लोक फोनवर दहा-दहा मिनिटं बोलत, भांडत, रडत, मोठमोठ्या माणसांच्या ओळखी सांगत. चंद्रप्रकाशनं ते सगळं ऐकायचं आणि दीड इंचाच्या रकान्यात बसवायचं. एकदा घाटकोपरच्या एका बाईंची सासू लिफ्टमध्ये अडकली. बाईंनी सासूचं वय, सासूचं बीपी, सासूचा स्वभाव आणि सकाळी डब्यावरून झालेलं भांडण, सगळं तपशीलवार सांगितलं. चंद्रप्रकाशनं लिहिलं: 'सासू आत. दार बंद. घाई नाही.' साहेब ती नोंद नव्या माणसांना नमुना म्हणून दाखवायचे.

तेव्हा कमी शब्दांत लिहिणं हे तर आपलं रोजचंच काम, चार ओळी म्हणजे काय, दुपारच्या चहाआधी होतील, अशा समजुतीत तो दुसऱ्या दिवशी ऑफिसात कागद घेऊन बसला. संध्याकाळपर्यंत कागदावर एक शब्द झाला. तो शब्द 'मालन' हा होता, आणि तो त्याला आधीपासूनच येत होता.

पुढच्या शनिवारी तो मालनचं मासिक बदलायला मुलुंडच्या वाचनालयात गेला. तिथं जिन्याजवळ एक कागद चिकटवलेला होता: 'लघुकविता शिका. आठ रविवार. नवशिक्यांचं स्वागत.' चंद्रप्रकाशनं बोटांवर मोजलं. आठवा रविवार एक फेब्रुवारीला येत होता. वाढदिवसाला आठवडा शिल्लक. त्यानं तिथल्या तिथं नाव घातलं, घरी 'रविवारी ओव्हरटाइम आहे' असं सांगितलं, आणि वही म्हणून ऑफिसच्या कपाटातलं एक जुनं कोरं रजिस्टर उचललं. कॉम्प्युटर आल्यापासून ती रजिस्टरं धूळ खात पडली होती. पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत छापलेलं होतं: 'तक्रार नोंदवही'. आत चार रकाने होते. क्रमांक, ठिकाण, तक्रार आणि शेरा.

(कवितेसाठी एक साधी वही आणावी, हे त्याला सुचलं नाही. पुढचं सगळं रामायण त्या न सुचण्यातून घडलं.)

वर्ग घेणाऱ्या हेमांगी मॅडम चाळिशीच्या, चटपटीत होत्या, आणि त्यांच्या हातात खडूऐवजी कात्री असायची. विद्यार्थ्यानं कविता वाचली की त्या कागद मागून घ्यायच्या, नको असलेली ओळ सरळ कापायच्या आणि ती पट्टी त्याच्या हातावर ठेवायच्या. "ही घरी न्या," म्हणायच्या. पहिल्याच रविवारी एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी पहाटेवर सोळा ओळी वाचल्या. वर्ग सुटला तेव्हा बाईंच्या पर्समध्ये पंधरा पट्ट्या होत्या.

सुरुवातीला मॅडमनी प्रत्येकाला विचारलं, तुम्हाला कविता का लिहावीशी वाटते? कुणी म्हणालं, मन मोकळं करायचंय. कुणी म्हणालं, आतून दाटून येतं.

"आठ फेब्रुवारीला द्यायची आहे," चंद्रप्रकाश म्हणाला.

मॅडमचे नियम तीन होते. पहिला, प्रेम, हृदय, चंद्र आणि पाऊस हे शब्द वापरायचे नाहीत. ("मॅडम, माझं नावच चंद्रप्रकाश आहे." "मग खाली सही करू नका.") दुसरा, जे डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहायचं, मनातलं लिहायचं नाही, ते वाचणाऱ्याला आपोआप कळतं. तिसरा, कविता वाचताना प्रत्येक ओळीनंतर थांबायचं, मनात तीनपर्यंत आकडे मोजायचे आणि मगच पुढची ओळ घ्यायची. यातला दुसरा नियम चंद्रप्रकाशला घरात नडला आणि तिसरा सोसायटीच्या हॉलमध्ये.

पहिला गृहपाठ होता घरातली एक गोष्ट बघून तीन ओळी लिहिण्याचा. पुढच्या रविवारी चंद्रप्रकाशनं उभं राहून, घसा साफ करून, तीन-तीन आकडे मोजत वाचलं:

"स्वयंपाकघर. सकाळी सहापासून आवाज. कारण समजले नाही."

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत.

"परब, ही कविता आहे की कम्प्लेंट?"

"सवय आहे मॅडम. चोवीस वर्षांची."

"तुम्हाला थोडक्यात लिहिता येतं, हे चांगलंय. माझ्या कात्रीला पहिल्यांदाच काम नाही. पण कोरडं आहे हो. माणूस आत हवा."

चंद्रप्रकाश दचकला. त्यांच्या ऑफिसात 'माणूस आत' म्हटलं की पहिला फोन अग्निशमन दलाला जातो. मॅडमना काय म्हणायचं होतं ते घरी जाताना, रेल्वेचा पूल उतरता उतरता त्याच्या लक्षात आलं.

मग तो मालनकडे बघायला लागला. म्हणजे पंचवीस वर्षं ती समोर होतीच, पण आता तो गृहपाठ म्हणून बघायला लागला. वर्तमानपत्राच्या वरून बघायचा, फ्रिजच्या आडून बघायचा. मालनला हे खपेना.

"काय बघताय?"

"काही नाही."

"मग काही नाही ते हॉलमध्ये जाऊन बघा. मला पोळ्या करू द्या."

आणि गंमत अशी झाली, की बघता बघता त्याला मालन खरोखरच दिसायला लागली. ओट्याशी काम करताना मधेच ती कमरेवर हात ठेवून, डोळे मिटून उभी राहते, हे त्याला कधी ठाऊकच नव्हतं. दिवसभर तिच्या बांगड्या वाजत असतात आणि दुपारी ती आडवी झाली की थांबतात, हेही त्यानं सुट्टी घेऊन घरी बसल्यावर प्रथमच ऐकलं. त्याच्या छातीत काहीतरी हललं. (त्यानं आधी ॲसिडिटीची गोळी घेतली. तरी हलतच राहिलं.) मग तो प्रत्येक कवितेच्या शेवटी मनातली एक ओळ लिहू लागला. हे असं त्यानं जन्मात कधी केलं नव्हतं. लिहिताना त्याचे कान लाल व्हायचे.

आणि दर रविवारी मॅडम नेमकी तीच ओळ कापायच्या.

"हे सांगायची गरज नाही परब. वाचणाऱ्याला कळतं."

कापलेल्या पट्ट्या टाकून देववेनात, म्हणून चंद्रप्रकाश त्या चष्म्याच्या घरात ठेवायचा. रजिस्टर मात्र त्यानं घरात माळ्यावर, पाहुण्यांच्या अंथरुणांत लपवलं होतं. वाचणाऱ्याला कळतं हे मॅडमचं म्हणणं खरंही असेल, पण मालनला ते कुणी सांगितलं नव्हतं.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात चंद्रप्रकाश ऑफिसातून घरी आला तर चहाचा वास नाही, टीव्हीचा आवाज नाही. सोफ्यावर मालन बसलेली. मांडीवर रजिस्टर. बाजूला अक्षता, त्यांची मुलगी, हाताची घडी घालून उभी. वाढदिवसासाठी गावाहून बळवंतमामा यायचे होते, म्हणून मालननं अंथरुणं उन्हात घालायला काढली होती.

"बसा," मालन म्हणाली. मग ती वाचू लागली. "'क्रमांक चार. ठिकाण, ओटा. तक्रार: मालन. कंबर धरली. काम थांबले.'" तिनं पान उलटलं. "'क्रमांक सहा. ठिकाण, हॉल. तक्रार: मालनच्या बांगड्या. सकाळपासून आवाज. दुपारी दोननंतर बंद.'" आणखी एक पान. "'क्रमांक नऊ. ठिकाण, खिडकी. तक्रार: मालन. उन्हात केस. डाय अर्धवट.'"

मालननं रजिस्टर त्याच्यापुढं धरलं.

"पंचवीस वर्षं मी या घरात राबले," मालनचा आवाज चिरकला, "आणि तुम्ही माझी गाऱ्हाणी लिहून ठेवताय? नंबर घालून?"

"अगं, त्या कविता आहेत!"

मायलेकींनी एकदम पुठ्ठ्याकडे पाहिलं. 'तक्रार नोंदवही'.

"बाबा, यार," अक्षता म्हणाली, "ही कविता नाहीये. हा पंचनामा आहे."

"मी क्लासला जातो. ओव्हरटाइम नव्हता तो. आठ रविवारांचा क्लास..."

"माझी गाऱ्हाणी लिहायला क्लास लावलात?" मालननं एक पान वर धरलं. त्याची खालची कड कात्रीनं सरळ कापलेली होती. "आणि हे खालचं का कापलंय? एवढं काय वाईट लिहिलं होतं?"

"खालचं चांगलं होतं!"

"चांगलं होतं ते कापलं आणि हे ठेवलं?"

मॅडमच्या पद्धतीत कुठंतरी काहीतरी गडबड आहे, अशी चंद्रप्रकाशलाही प्रथमच शंका आली. त्यानं पट्ट्या दाखवण्यासाठी खिशात हात घातला. खिसा रिकामा. चष्मा, घरासकट, ऑफिसच्या टेबलावर राहिला होता. दुसऱ्या दिवशी तो पट्ट्या घेऊन आला तर मालननं त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "रात्रीत नवीन लिहून आणल्यात वाटतं," एवढंच म्हणाली.

तिचा निर्णय झाला होता. तो तिनं अक्षताला सांगितला, चंद्रप्रकाशला ऐकू जाईल अशा बेतानं. "हॉल घेतलाय, माणसं बोलावलीत, म्हणून आठ तारखेला मी उभी राहीन. नऊ तारखेच्या गाडीनं मामांबरोबर गावी जाते. तिकिटं काढ. परत कधी येईन ते बघू. बाबांना म्हणावं, वहीत लिहून ठेवा. मालन. बंद."

तिकिटं निघाली. पुढचे दहाबारा दिवस घरातला सगळा कारभार अक्षतामार्फत चालला. "आई विचारतेय, भात लावू का." "सांग, लाव." "आई म्हणतेय, ऐकू आलं." चंद्रप्रकाशला आधी वाटलं, राग आहे, जाईल. मग एका संध्याकाळी त्याला पलंगाखाली तिची बॅग दिसली, तिच्या चार साड्या आत घड्या घालून ठेवलेल्या. तिच्या बांगड्या थांबल्या की घर कसं वाटतं हे तो कवितेत लिहून बसला होता. आता ते खरंच होणार होतं. त्याला बायकोशी बोलायचं होतं, पोटभर बोलायचं होतं, पण तोंड उघडलं की बाहेर यायचं, "दूध आलंय."

शेवटच्या रविवारी त्यानं वर्गात चार ओळी वाचल्या.

दोन कप.
एक माझा.
दुसरा थंड होतो,
ती उभी असते.

मॅडमनी कात्री उघडली, थोडा वेळ तशीच धरली आणि मिटली. "काही कापायचं नाही," त्या म्हणाल्या. चंद्रप्रकाशला रडू आलं. (बाजूच्या शिक्षिकाबाईंनी त्याला पाणी दिलं.)

आठ फेब्रुवारीला सोसायटीच्या हॉलमध्ये शंभरेक माणसं जमली. निम्मी सोसायटीची, निम्मी परबांची, म्हणजे मूळची कोकणातली. कोंबडी-वड्यांचा वास आधीच हॉलभर झाला होता. मालन जांभळ्या साडीत खुर्चीवर बसली होती, ओठ घट्ट मिटून, नजर जमिनीवर. समोर पहिल्या रांगेत मधोमध बळवंतमामा.

हे बळवंतमामा चंद्रप्रकाशच्या आईचे भाऊ, वय पंच्याऐंशी, कणकवलीजवळच्या गावाहून आलेले. आता कोकणात गाऱ्हाणं म्हणजे नुसती तक्रार नव्हे. देवापुढं नारळ ठेवून, हात जोडून, एकेक ओळ थांबत थांबत मोठ्यानं देवाला सगळं सांगायचं, आणि प्रत्येक ओळीला जमलेल्या लोकांनी 'व्हय म्हाराजा!' म्हणून होकार द्यायचा, याला गाऱ्हाणं घालणं म्हणतात. गावच्या देवळात मामांनी पन्नास वर्षं गाऱ्हाणी घातली होती. त्यांना आता कानांनी फारसं ऐकू येत नव्हतं, पण गाऱ्हाण्याचा ठेका त्यांना झोपेतसुद्धा ओळखता आला असता.

चंद्रप्रकाश माईकपुढे आला. समोरच्या टेबलावर मालनच्या ओटीचं ताट होतं, त्यात नारळ. कागद पडू नये म्हणून त्यानं तो दोन्ही तळव्यांमध्ये धरला. मामांनी बसल्या जागेवरून काय पाहिलं? पुढ्यात नारळ आणि भाच्याचे जोडलेले हात. ते ताठ बसले.

"दोन कप," चंद्रप्रकाश म्हणाला, आणि नियमाप्रमाणे थांबला. एक. दोन.

"व्हय म्हाराजा!" मामांनी हॉल दणाणून सोडला.

चंद्रप्रकाशच्या हातातून कागद सुटता सुटता राहिला. मागं कुणीतरी खुसखुसलं.

"एक माझा."

"व्हय म्हाराजा!" आता मामांच्या दोन्ही बाजूंचे चार परबही होते. ते लहानपणापासून हेच शिकले होते. मामा म्हणाले की म्हणायचं.

"दुसरा थंड होतो."

"व्हय म्हाराजा!" निम्मा हॉल.

"ती उभी असते."

"व्हय म्हाराजा!!" सगळा हॉल. सोसायटीचे गुजराती सेक्रेटरीसुद्धा. नीलमनं कोपर मारल्यामुळे श्यामसुंदरही.

कविता संपली. चंद्रप्रकाशनं कागद खाली घेतला, आता टाळ्या वाजतील म्हणून वाट पाहिली. टाळ्या वाजल्या नाहीत. शंभर माणसं पुढच्या ओळीसाठी तोंड उघडून बसली होती.

"फुडे बोल रे!" मामा ओरडले.

"संपली, मामा."

"काय?"

"संपली!"

"संपली? नारळ ठेवलंस, देवाक जागो केलंस, आणि संपली? गाऱ्हाणा अर्ध्यार सोडूचा नाय! बोल!"

चंद्रप्रकाशनं घाबरून मालनकडे पाहिलं. तिची नजर अजून जमिनीवरच होती. त्यानं घाम पुसायला खिशातून रुमाल ओढला, तर रुमालाबरोबर चष्म्याचं घर बाहेर आलं, उघडलं, आणि कागदाच्या पट्ट्या टेबलावर पडल्या. त्यानं हाताला आली ती उचलली.

"तेव्हा घर रिकामं वाटतं, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मालनची मान वर झाली. तिचे ओठ हलले. "दुपारी दोननंतर बंद," ती पुटपुटली. "सहा नंबर."

"पाठ चोळून द्यावी म्हटलं, धीर झाला नाही, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"चार नंबर," अक्षता आईच्या कानात म्हणाली. मालननं पदराचं टोक तोंडाला लावलं.

"मला दोन्ही रंगांत आवडते, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"हा डायचा," मालन म्हणाली, आणि पदराआड हसली की रडली ते कुणालाच नीट दिसलं नाही.

पट्ट्या संपल्या. पण चंद्रप्रकाश आता थांबायला तयार नव्हता. पंचवीस वर्षं तुंबलेलं सगळं एकदम वर आलं, आणि ते ना मॅडमच्या मराठीत आलं ना ऑफिसच्या. ते त्याच्या आईच्या बोलीत आलं.

"आज पंचवीस वर्सां झाली, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या घर हिनाच सांभाळल्यान, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"माझ्या तोंडातसून बरो शब्द कधी भायर पडलो नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!" (इथं बायकांचा आवाज जरा जास्तच होता.)

"उद्यापासून सकाळचो चाय मी करतलंय, म्हाराजा! हिना बसान पियाचो, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!"

"काय चूक झाली आसात ती पदरात घाल, म्हाराजा!"

हॉलनं तोंड उघडलं, पण मामांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि ते मालनकडे वळले. "ह्या सूनबायना म्हणाचा."

मालन उभी राहिली. डोळे पुसले. साडी सारखी केली. "व्हय म्हाराजा," ती हळूच म्हणाली. मग ती जरा मोठ्यानं म्हणाली, "पण मामा, ता चायचा काय ता परत एकदा बोलाक सांगा. मागच्यांका ऐकाक नाय इला."

त्याला ते तीन वेळा बोलायला लावलं. श्यामसुंदरनं पायरीवर नारळ फोडला. अक्षतानं कोपऱ्यात जाऊन मोबाइलवर दोन्ही तिकिटं रद्द केली. मामांना तसंही आणखी दोन घरी जेवायचं आमंत्रण होतं. "देवाक सांगितलेला आसा, आता फिरूक येवचा नाय," मामा वड्याचा तुकडा मोडता मोडता प्रत्येकाला बजावत होते. श्यामसुंदरनं जाताना चंद्रप्रकाशला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "ही कुठल्या ग्रुपवर आली होती रे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला चंद्रप्रकाश उठला. आलं सापडायला दहा मिनिटं गेली, गाळणी सापडायला पंधरा. मालन डायनिंग टेबलाशी, पाय वर घेऊन, मुद्दाम काहीही न सांगता बसून होती. त्यानं दोन कप आणून ठेवले. ती आपला कप सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायली आणि काही बोलली नाही. चंद्रप्रकाशचा जीव भांड्यात पडला. तो आंघोळीला गेला.

बाहेर आला तर फ्रिजवर, लोहचुंबकाखाली, तक्रार नोंदवहीचं एक पान लावलेलं होतं. अक्षर मालनचं. ठिकाणाच्या रकान्यात 'टेबल', आणि पुढं:

चहा आला.
साखर विसरली.
मी बसून प्यायले.

चंद्रप्रकाशनं ते तीनदा वाचलं. त्याला इतकं बरं वाटलं की त्यानं फोटो काढून, काही न लिहिता, तसाच हेमांगी मॅडमना पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आलं.

"परब! शेवटी जमलं तुम्हाला. एकही शब्द कापता येत नाही. वर्गाच्या पुस्तिकेत ही पहिल्या पानावर घेते."

चंद्रप्रकाश टॉवेल गुंडाळलेल्या अवस्थेत फ्रिजसमोर बराच वेळ उभा राहिला. पहिलं पान. त्याच्या मनात एक-दोन वाईट विचार येऊन गेले. पण आदल्याच दिवशी शंभर माणसांदेखत देवाला सगळं सांगून झालं होतं. त्यानं उसासा टाकला आणि टाइप केलं: "मॅडम, ही माझी नाही. बायकोची आहे."

दोन निळ्या खुणा उमटल्या. मग मॅडमचं उत्तर आलं.

"तरीच."